अठरा लाखांस एक

आपल्या कोल्हापुरात जुनी नाणी जमविणारे बरेच आहेत. शिवराई हातावर ठेवली की ती उलटसुलट करून लगेच ओळखणारी वडीलधारी माणसे अजून गावोगाव भेटतात. नोटा जमविणारे मात्र त्या मानाने थोडे. याचे कारणही उघड आहे. नाणे चालेनासे झाले तरी धातू उरतो. तांब्याचा पैसा मोडीत वजनावर जातो, चांदीचा रुपया आटवून पैंजण घडविता येतात. नोट चालेनाशी झाली म्हणजे उरतो तो केवळ कागदाचा कपटा. आणि तो दोन्ही बाजूंनी छापलेला असल्यामुळे त्यावर दुधाचा हिशेबसुद्धा लिहिता येत नाही!

परंतु नेमक्या याच कारणासाठी मला नाण्यांपेक्षा नोटांचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. नोटेत वस्तू नसते, नुसता शब्द असतो. तो शब्द कोणी दिला, कोणाच्या जोरावर दिला आणि पुढे पाळला की नाही, हे पाहू लागलो म्हणजे इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात न सापडणाऱ्या पुष्कळ गोष्टी समोर येतात. त्यातही नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या पहिल्या नोटा फार बोलक्या असतात. अशा राष्ट्रापाशी सोन्याचा साठा नसतो, सीमा ठरलेल्या नसतात, कित्येकदा स्वतःचा छापखानाही नसतो. सैनिकांचा, शिक्षकांचा आणि रेल्वेच्या कामगारांचा पगार मात्र पहिल्या महिन्यापासूनच द्यावा लागतो. ही सारी ओढाताण त्या कागदावर उमटलेली दिसते. प्रस्तुत लेखात अशाच एका राष्ट्राच्या, म्हणजे पोलंडच्या, १९१८ ते १९२४ या काळातील नोटांविषयी लिहिण्याचा विचार आहे.

पोलंडच का, असे कोणी विचारील. कोल्हापूरकराने तरी हा प्रश्न विचारू नये. गांधीनगरच्या कापडबाजारात आपण सर्वजण लग्नसराईत जातो. ती वसाहत जिथे आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दुकाने होती. माझे पणजोबा छावणीत भाजी घालीत असत, असे आजी सांगते. म्हणजे तिनेही ते आपल्या सासऱ्यांच्याच तोंडून ऐकलेले. महावीर उद्यानात त्या लोकांच्या आठवणीचा स्तंभ उभा आहे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून, ऑगस्ट १९२४ नव्हे तर अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये, भारताच्या पंतप्रधानांनी तेथे जाऊन अभिवादन केले. तेव्हा पोलंड आपल्याला वाटतो तितका दूरचा देश नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळू. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी पोलंडचा उरलासुरला तुकडाही वाटून घेतला आणि तो देश नकाशावरून नाहीसा झाला. त्यानंतर १२३ वर्षांनी, पहिले महायुद्ध संपले त्याच दिवशी, म्हणजे ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, तो पुन्हा स्वतंत्र झाला असे मानतात. स्वातंत्र्य तर मिळाले, पण पैसा कोणता? तीन मालकांकडून तीन तुकडे परत आलेले. एका भागात रशियाचा रूबल चाले, दुसऱ्या भागात जर्मनीचा मार्क, तिसऱ्या भागात ऑस्ट्रियाचा क्राऊन. एकाच देशात क्राकोवहून वॉर्साला जाणाऱ्या माणसाला वाटेत पैसे बदलावे लागत. १९२० सालच्या जानेवारीत कायदा करून १०० क्राऊनला ७० मार्क असा भाव बांधून देण्यात आला, तेव्हा कुठे ऑस्ट्रियाकडून आलेल्या मुलखातला गोंधळ आवरू लागला.

या सर्वांखेरीज चौथा एक पैसा होता आणि पुढे राष्ट्राचा पैसा म्हणून नेमका तोच उभा राहिला. तो म्हणजे पोलिश मार्क. गंमतीची गोष्ट अशी की तो पोलिश लोकांनी काढलेलाच नव्हता. महायुद्धात जर्मनीने रशियाकडून वॉर्सा जिंकून घेतल्यावर तेथल्या जर्मन अधिकाऱ्यांनी डिसेंबर १९१६ मध्ये एक कर्जपेढी स्थापन केली आणि तिच्या नावे नोटा काढल्या. या नोटांवर ९ डिसेंबर १९१६ ही तारीख आहे, पोलंडचा गरुड आहे, भाषा पोलिश आहे. आणि या नोटांची जर्मन मार्कात दर्शनी किमतीने परतफेड करण्याची जबाबदारी जर्मन साम्राज्य घेत आहे, असे आश्वासनही आहे. दोनच वर्षांत ते साम्राज्य कोसळले. सम्राट हॉलंडला पळाला. नोटा मात्र लोकांच्या खिशात तशाच राहिल्या.

या नोटांत संग्राहकांना माहीत असलेला एक बारकावा आहे. नोट काढणाऱ्या सत्तेच्या नावात जो ‘जनरल’ हा शब्द येतो, तो काही नोटांवर ‘ग’ च्या अक्षराने लिहिला आहे आणि काहींवर ‘य’ च्या. पोलिश भाषेत दोन्ही रूपे चालत असत. शुद्धलेखनाच्या एका अक्षरावरून नोटेची किंमत बदलते, हे आमच्या मराठीच्या सरांना सांगितले तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

स्वतंत्र पोलंडच्या सरकारने शत्रूची ही पेढी मोडली नाही. तीच ताब्यात घेतली आणि तिच्याच नावाने नोटा काढणे सुरू ठेवले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. घर बांधून होईपर्यंत माणूस जुन्या घराच्या पडवीत संसार मांडतोच की! मात्र आता जर्मनीचे आश्वासन छापणे शक्य नव्हते. मग त्या जागी काय छापावे? १९१९ च्या नोटांवर जो मजकूर आला त्याचा आशय असा: पुढे येणाऱ्या पोलिश चलनात ही नोट बदलून देण्याची जबाबदारी पोलिश राज्य घेत आहे, कोणत्या प्रमाणात बदलून द्यायची, ते विधिमंडळ ठरवील.

हा मजकूर वाचकांनी पुन्हा एकदा वाचावा. आपल्या दहा रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला दहा रुपये अदा करण्याचे वचन देतात. किती द्यायचे ते तिथे स्पष्ट आहे. पोलंडच्या नोटेवर राज्य म्हणते, आम्ही देऊ. पण काय देऊ ते चलन अजून जन्मलेले नाही, आणि किती देऊ ते अजून ठरलेले नाही. इतके प्रामाणिक वाक्य कोणत्या सरकारने आपल्या पैशावर छापले असेल असे मला वाटत नाही. आणि तरीही लोकांनी ती नोट घेतली. भाकरी दिली, बटाटे दिले, दिवसभराचे श्रम दिले आणि हा कागद घेतला. १२३ वर्षांनी स्वतःचे राज्य आले होते. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणाच्या?

माझ्या संग्रही या काळातल्या तीनच नोटा आहेत. शहरात भरलेल्या नाणी-नोटांच्या एका प्रदर्शनात मी त्या मिळून साडेतीनशे रुपयांना घेतल्या. त्यांतील सर्वांत मोठी नोट १००० मार्कांची, १९१९ सालची. तीवर तादेउश कोशचुश्को याचे चित्र आहे. १७९४ साली रशियाविरुद्ध झालेल्या उठावाचा हा सेनापती. त्याआधी तो अमेरिकेत जाऊन तेथल्या स्वातंत्र्ययुद्धातही लढून आला होता. नव्या राष्ट्राने राजाऐवजी हा हरलेला सेनापती आपल्या पैशावर घेतला. त्याहूनही मला आवडते ती ५ मार्कांची छोटी नोट. तीवर बार्तोश ग्वोवात्स्की आहे. हा साधा कुळवाडी. राचवावित्से येथे ४ एप्रिल १७९४ रोजी झालेल्या लढाईत शेतकऱ्यांनी गवत कापण्याचे लांब दांड्याचे विळे घेऊन रशियन तोफांवर चाल केली. ग्वोवात्स्कीने पेटलेली वात आपल्या टोपीने विझवून तोफ काबीज केली, अशी कथा सांगतात. शेतकऱ्याचे चित्र आपल्याही पाच रुपयांच्या नोटेवर होते, ट्रॅक्टर चालविणारे. पण त्या शेतकऱ्याला नाव नव्हते. पोलंडच्या नोटेवरच्या कुळवाड्याला नाव आहे. माझे वडील आधी दुसऱ्याच्या शेतात आणि मग फौंड्रीत राबले, म्हणूनही असेल, पण ही नोट मी दरवेळी थोडी जास्त वेळ हातात धरते.

आता या नोटांचे पुढे काय झाले ते पाहू. लेखाचे खरे मर्म तिथेच आहे.

नव्या राष्ट्राला एकाच वेळी अनेक सीमांवर लढावे लागले. सोव्हिएत रशियाशी झालेले युद्ध तर १९२१ पर्यंत चालले. कर गोळा करणारी यंत्रणा तीन जुन्या राज्यांची, तीन प्रकारची. खर्च जास्त, उत्पन्न कमी. मग सरकार कर्जपेढीकडून उसने घेई आणि पेढी नोटा छापून ते देई. १९१८ अखेर एका अमेरिकन डॉलरला सुमारे ९ पोलिश मार्क पडत. १९२१ अखेर सुमारे ३ हजार पडू लागले. १९२२ अखेर जवळजवळ १८ हजार. आणि १९२३ अखेर? साठ लाखांच्या वर! नोटांवरचे आकडेही तसेच चढत गेले. १९१९ साली १००० ची नोट म्हणजे मोठी रक्कम होती. १९२० मध्ये ५००० ची नोट आली, १९२२ मध्ये १० हजार व ५० हजार, १९२३ मध्ये दहा लाख, पन्नास लाख आणि शेवटी एक कोटी मार्कांची. महागाईविरुद्ध संप झाले. नोव्हेंबर १९२३ मध्ये क्राकोव शहरात कामगार आणि सैन्य यांच्यात रस्त्यावर लढाई होऊन माणसे मेली.

अर्थशास्त्राच्या तासाला ‘चलनफुगवटा’ हा शब्द आपण सर्वांनी लिहून घेतला आहे. फुगवटा म्हटले की डोळ्यांपुढे काही तरी भरून येत असल्यासारखे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात ज्याच्या घरात नोटांची पुरचुंडी आहे त्याचे सर्व काही त्यात आटत असते. ज्याच्याजवळ जमीन आहे, जनावर आहे, सोने आहे, तो कसाबसा तरतो. ज्याने कर्ज घेतले आहे तो तर हसत हसत फेडतो. ज्याने पोटाला चिमटा घेऊन, मुलीच्या लग्नासाठी म्हणा, म्हातारपणासाठी म्हणा, कागद साठविला, तोच नेमका बुडतो. म्हणजे राज्याच्या शब्दावर ज्याने सर्वांत जास्त विश्वास ठेवला त्यालाच सर्वांत मोठा फटका.

डिसेंबर १९२३ मध्ये व्वादिस्वाव ग्राब्स्की पंतप्रधान झाला. त्याने मालमत्तेवर कर बसविला, सरकारी खर्चासाठी नोटा छापणे बंद केले आणि लोकांना भाग विकून ‘बँक पोल्स्की’ ही नवी बँक उभी केली. एप्रिल १९२४ मध्ये ती सुरू झाली. तिच्यासोबत आले नवे चलन, झ्लॉटी. पाच वर्षांपूर्वी नोटेवर जे छापले होते, की प्रमाण पुढे ठरवू, ते प्रमाण आता ठरले. एका झ्लॉटीला अठरा लाख मार्क!

वाचकांनी कंटाळा न करता माझ्याबरोबर थोडे गणित करावे. एका झ्लॉटीचे शंभर ग्रोश. म्हणजे एक ग्रोश हा १८ हजार मार्कांचा. माझ्याजवळची १००० मार्कांची नोट घेऊन कोणी बँकेत गेला असता तर त्याला एका ग्रोशाचा अठरावा भाग मिळाला असता. अठरावा भाग देता येईल असे नाणेच नव्हते. तशा अठरा नोटा गोळा केल्या तर एक ग्रोश, सर्वांत लहान नाणे. १९१९ साली ही नोट ज्याने उशाखाली ठेवली त्याला १९२४ मध्ये ती बदलायला जाण्यासाठी झिजणाऱ्या जोड्याची किंमतही तिच्यात उरली नव्हती. राज्याने शब्द मोडला असे म्हणता येत नाही. बदलून देऊ म्हटले होते, दिले. विधिमंडळाच्या अधिकाराने प्रमाण ठरेल म्हटले होते, ठरले. शब्द अक्षरशः पाळला गेला आणि माणूस अक्षरशः बुडाला. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मला या नोटेने शिकविले.

झ्लॉटीच्या पहिल्या नोटांचीही एक कहाणी आहे. त्या १९२४ मध्ये चलनात आल्या, पण त्यांवर तारीख आहे २८ फेब्रुवारी १९१९. नव्या चलनाचे नाव झ्लॉटी असावे असा ठराव विधिमंडळाने त्या दिवशी केला. त्याआधी सरकारच्या मनात ‘लेख’ हे नाव होते. पोलिश दंतकथेतला आद्य पुरुष लेख, त्याच्यावरून. विधिमंडळाला जुने झ्लॉटी हेच नाव पसंत पडले. त्याचा अर्थ सोन्याचा. नोटा पॅरिस आणि लंडन येथे छापून घेण्यात आल्या, त्यांवर बँक पोल्स्कीचे नाव घालण्यात आले, स्तानिस्वाव कार्पिन्स्की या संचालकाची सही झाली. पण बँकच नव्हती! घडी बसेना, युद्ध थांबेना, मार्क कोसळत राहिला आणि सोन्याच्या नावाचा हा सुंदर कागद पाच वर्षे पेटाऱ्यात पडून राहिला. लग्न ठरण्याआधी शिवून ठेवलेल्या शालूसारखी ही गोष्ट. पुढे बँक निघाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष कार्पिन्स्कीच झाला, हा योगही विलक्षण म्हणावा लागेल.

नव्या नोटा होत्या, पण चिल्लर नव्हती. ग्रोशांची नाणी पाडून व्हायला अवधी होता. तेव्हा जी युक्ती काढली गेली तिला तोड नाही. एक कोटी मार्कांच्या नोटा घेतल्या, मधोमध कापल्या आणि प्रत्येक अर्ध्या भागावर ‘५ ग्रोश’ असा नवा मजकूर छापला. पाच लाख मार्कांच्या नोटा कापून तशाच रीतीने १ ग्रोशाच्या नोटा केल्या. पुन्हा थोडे गणित: एक कोटी मार्क म्हणजे नव्या भावाने सुमारे साडेपाच झ्लॉटी, ५५५ ग्रोश. त्या कागदाचे दोन तुकडे मिळून झाले १० ग्रोश. आकड्यांची मिजास कात्रीने उतरविणे म्हणतात ते हेच असावे. डावा तुकडा आणि उजवा तुकडा असे दोन्ही प्रकार संग्राहक वेगवेगळे जमवितात. एकाच नोटेचे दोन्ही तुकडे शंभर वर्षांनी एकत्र मिळणे जवळपास अशक्यच.

इथे वळिवड्याच्या स्त्रियांची आठवण येते. त्या छावणीतली जी माणसे तेव्हा चाळिशी उलटलेली होती, त्यांनी मार्काची ही सारी पडझड तरुणपणी पाहिलेली असणार. त्यांतले बहुतेक पूर्व पोलंडचे. सप्टेंबर १९३९ मध्ये तो भाग सोव्हिएत सैन्याने व्यापला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे झ्लॉटी चलनातून बाद करण्यात आला. म्हणजे ज्या चलनासाठी अठरा लाखांना एक असा भाव सोसला तेही पंधरा वर्षांत हातचे गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी या लोकांना घरांतून उचलून सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे नेण्यास सुरुवात झाली. १९४१ मध्ये सुटका, १९४२ मध्ये इराण, मग कराचीमार्गे वा मुंबईमार्गे भारत. पुरुष बहुतेक सैन्यात गेले. स्त्रियांनी इथे वळिवड्यात सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या रुपयाच्या नोटा हाताळल्या आणि आमच्या गावच्या लोकांकडून भाजी घेतली. त्यांच्या आयुष्यातला हा कितवा पैसा, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. भर म्हणून की काय, त्या इथे असतानाच, जानेवारी १९४६ मध्ये, ब्रिटिश सरकारने ५००, १००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. अर्थात तशी नोट त्यांच्यापाशी असण्याचा संभव कमीच, आणि आमच्या पणजोबांपाशी तर नाहीच नाही.

आपल्या देशाच्या पहिल्या नोटांशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो तेव्हा आपल्याकडे १९३५ पासूनची रिझर्व्ह बँक होती आणि नाशिकला १९२८ पासून नोटा छापणारा कारखाना होता. त्यामुळे पोलंडची घाई आपल्या नोटांवर दिसत नाही. १९४९ साली एक रुपयाच्या नोटेवरून राजा गेला आणि सारनाथचे सिंह आले; सही के. आर. के. मेनन यांची. राजाच्या जागी महात्माजींचे चित्र घ्यावे असाही विचार झाला होता, पण त्या वेळी सिंहांना कौल मिळाला. आपल्याकडचा वाद झाला तो व्याकरणाचा! १९५० च्या दोन रुपयांच्या नोटेवर हिंदीत ‘दो रुपया’ असे छापले होते, ते पुढे ‘दो रुपये’ असे करण्यात आले. पहिला प्रकार संग्राहक आवडीने शोधतात.

घाई दिसते ती पाकिस्तानच्या नोटांवर. त्या राष्ट्राला स्वतःची बँक उभी करीपर्यंत, म्हणजे जून १९४८ अखेरपर्यंत, आपली रिझर्व्ह बँकच काम पाहत होती. नाशिकला छापलेल्या आपल्याच नोटांवर इंग्रजीत व उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ असे अधिक छापून त्या तिकडे चालविल्या गेल्या. चेकोस्लोव्हाकियाने १९१९ मध्ये याहून साधा मार्ग काढला होता: जुन्या ऑस्ट्रियन नोटांवर सरळ तिकिटे चिकटविली, तिकीट असेल ती नोट आपली, नसेल ती परकी. वळिवड्याच्या बराकींत पोलिश गेल्यावर जे सिंधी बांधव आले, त्यांच्यापैकी कोणाच्या पेटीत अशी पाकिस्तानचा मजकूर छापलेली नोट निघाली तर नवल नाही. गांधीनगरच्या विद्यार्थ्यांनी घरच्या वृद्ध माणसांना जरूर विचारावे.

आणि घरच्या पेट्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्याही घरचे सांगते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मी पाचवीत होते. घरातल्या नोटा वडिलांनी रांगेत उभे राहून भरल्या. पुढे उन्हाळ्यात आजीच्या ट्रंकेतील लुगड्याच्या घडीतून पाचशेच्या तीन नोटा निघाल्या. मुदत डिसेंबरातच संपली होती. आजीने दूध घालून एकेक रुपया जमविलेला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “चित्र तर तसंच हाय की गं!” १००० मार्कांच्या नोटेवर कोशचुश्कोही तसाच आहे. त्या तीन नोटा आजीने पुढे मला दिल्या, आणि माझा संग्रह सुरू झाला तो त्यांपासून. काही जणांना वाटते की अशा नोटा जवळ ठेवणे हाच गुन्हा आहे. तसे नाही. २०१७ च्या कायद्याने अशा दहापर्यंत नोटा कोणालाही ठेवता येतात आणि अभ्यास, संशोधन वा संग्रह यांसाठी पंचवीसपर्यंत. त्याहून अधिक सापडल्यास दंड आहे.

ज्यांना या छंदात पडावेसे वाटते त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जुनी नोट म्हणजे महाग, ही समजूत चुकीची आहे. पोलंडची १९१९ ची १००० मार्कांची नोट शंभर वर्षांहून जुनी असून एका चित्रपटाच्या तिकिटाच्या किमतीत मिळते, कारण ती असंख्य छापली गेली आणि बदलून घेण्याच्या लायकीचीच न उरल्यामुळे घराघरांत पडून राहिली. याउलट झ्लॉटीच्या पहिल्या नोटा महाग, कारण त्यांना किंमत होती आणि लोकांनी त्या खर्चून टाकल्या. विद्यार्थ्याने म्हणून बुडालेल्या पैशापासूनच सुरुवात करावी, ते आपल्याला परवडते. नोट घेताना उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहावे. १९१९ च्या काही पोलिश नोटांवर ते मधमाशीच्या पोळ्यासारखे असते. भिंगातून पाहिल्यावर रेषा सलग न दिसता बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या, तर ती अलीकडची नक्कल समजावी. घड्या मोडण्यासाठी नोटेला इस्त्री करू नये, फाटली तर चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये कायमची बंद तर मुळीच करू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद दमट होतो. जाड कोऱ्या वहीच्या पानांत ठेवून ऑक्टोबरात एकदा सावलीत वारा द्यावा, असे मी करते. प्रत्येक नोटेसोबत एका चिठ्ठीवर ती कुठे, केव्हा, कितीला घेतली ते लिहून ठेवावे. आजीच्या नोटांच्या चिठ्ठीवर मी किमतीच्या जागी ‘पंधराशे’ असे लिहिले आहे.

माझ्याजवळ ग्वोवात्स्कीच्या ५ मार्कांच्या दोन नोटा आहेत. त्यांतली एक द्यायला मी तयार आहे. कोणा वाचकाच्या घरी ‘दो रुपया’ असेल तर अदलाबदल करू म्हटले असते, पण तो सौदा त्यांना परवडणार नाही. अर्ध्या कापलेल्या नोटेचा तुकडा, डावा किंवा उजवा कोणताही, कोणाच्या पाहण्यात आला तर मात्र इतिहास विभागात निरोप ठेवावा.